वाचनालयातला शिडीवाला

३ मे २०११, मंगळवार

शिडी आज परत सरकली! चारला पाच मिनिटं कमी. मी खाली देवघेवीच्या काउंटरवर शिक्के मारत होते. वर संदर्भ विभागात चिटपाखरू नव्हतं. आधी पितळी रुळावरून चाकं घरंगळल्याचा आवाज, मग खट् – नकाशांच्या कपाटापाशी थांबली. नेहमीसारखीच.

वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका गृहस्थांचा चष्माच नाकावरून घसरला. "वर कोण आहे?" म्हटलं, "कोणी नाही. शिडीवाला आहे. काही करत नाही तो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि निघून गेले. घडी मात्र नीट घातली. घाबरलेले वाचक फार शिस्तीत वागतात, हे मी पंधरा वर्षं बघतेय.

५ मे, गुरुवार

आईचा गावाहून फोन. परत तेच स्वप्न. बाबा दारात उभे, टोपी हातात. आत या म्हटलं तर येत नाहीत.

"चाळीस वर्षं एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा आहे, थोबेका. त्याचे पाय दुखत नसतील?"

मी विचारलं, गोळ्या घेतल्यास का? तिने फोनच ठेवला. चुकलंच माझं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय – हृदय थकलंय, हा जून-जुलैचा हिवाळा निघाला तरी पुष्कळ. तिलाही ते कळतंय. तिचं मागणं एकच – मी जायच्या आधी ते आत आलेले मला बघू दे.

आता मी कुठून आणू त्यांना? एकाहत्तर साली बाबा गेले तेव्हाच झ्वेलाखे काका त्यांचा आत्मा हॉस्पिटलातून घरी घेऊन आले की! बोरीची फांदी खाटेला टेकवून, कुळाचं नाव घेऊन, सगळं रीतीप्रमाणे. मी आठ वर्षांची होते. ती फांदी गोठ्यात, आमचे पूर्वज राहतात तिथे, ठेवलेली मला अजून आठवते.

६ मे, शुक्रवार

नेव्हिलची 'भुतांची फेरी'. दर शुक्रवारी पाच वाजता वीस-पंचवीस पर्यटकांना घेऊन येतो. जुना तुरुंग, चर्च, मग आम्ही. हा निवृत्त शाळामास्तर. हॅट, काठी आणि उसना स्कॉटिश हेल! गोष्ट तीच – पहिले ग्रंथपाल मिस्टर अर्बथनॉट, बिनलग्नाचे, पुस्तकांवर जीव. वरच्या फळीवरून नकाशांचं भलंमोठं पुस्तक काढायला शिडीवर चढले, पडले ते गेलेच. अजून ते पुस्तक शोधत असतात. इथे नेव्हिल आवाज खाली आणतो आणि बायका एकमेकींचे दंड धरतात.

शाळांच्या सहली आल्या की मीही हीच गोष्ट सांगते. माझी जास्त रंगते. तसं बोलले त्याला, तर म्हणतो, "तुला पगार आहे बाई. मला भुतावर पोट भरायचंय."

१४ मे, शनिवार

वाचनालयाला एकशे दहा वर्षं झाली. केक होता, भाषणं होती. केक कोरडा होता आणि भाषणं त्याहून.

जुन्या ग्रंथपाल मिस हेझलटन आल्या होत्या. वय एक्याण्णव, चाकाची खुर्ची, गळ्यात मोत्यांची माळ. नेव्हिलने त्यांच्यासमोर अर्बथनॉटची सगळी नक्कल करून दाखवली. त्या शांत ऐकत होत्या. संपल्यावर ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "अर्बथनॉट इंग्लंडात गेले. स्वतःच्या पलंगावर. इथे पडला तो जिम. आमचा जिम. तिथे–" आणि बोट वर, नकाशांच्या कपाटाकडे.

कोणीतरी हसलं. कोणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. नेव्हिलचा चेहरा पडला.

मी हातातली बशी खाली ठेवली. कारण इथे बाबांना जिम म्हणायचे.

१५ मे, रविवार

चर्चला गेले नाही. बसून राहिले.

मला जे माहीत आहे ते लिहून काढते. बाबा या वाचनालयात झाडलोट करायचे, पुस्तकांवरची धूळ पुसायचे. वर्षातून एकदा, नाताळात, घरी यायचे. माझ्यासाठी कोऱ्या कागदांचे तुकडे आणायचे – नव्या पुस्तकांच्या वेष्टनातले. घरी त्यांचं नाव मंगालिसो, इथे जिम. तेव्हा वर्णभेदाचा कायदा होता, काळ्या माणसाला समोरच्या दारातून आत येता येत नव्हतं. ते मागच्या दाराने यायचे. आज समोरच्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. याचा मला केवढा अभिमान!

ऑगस्टमध्ये निरोप आला – कामावर असताना काहीतरी झालं, हॉस्पिटलात गेले. काय झालं ते कोणी सांगितलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

माणूस जिथे शेवटचा श्वास सोडतो तिथेच थांबतो. घरच्यांनी फांदी घेऊन तिथे जायचं, त्याला सांगायचं, चला, घरी जायचंय. मग तो फांदीबरोबर येतो. जागा चुकली तर फांदी रिकामी येते आणि तो तिथेच वाट बघत राहतो.

जागा चुकली असेल तर?

पंधरा वर्षं माझ्या डोक्यावर शिडी सरकतेय. आणि मी पोरांना अर्बथनॉट सांगतेय! नंतर लिहीन.

१७ मे, मंगळवार

अर्धी रजा टाकून मिस हेझलटनना भेटायला गेले. वृद्धाश्रम समुद्रावर आहे. त्यांनी मला ओळखलं नाही, पण बिस्किटं पुढे केली.

जिमबद्दल विचारलं. चेहरा उजळला त्यांचा. "किती नीटनेटका! पुस्तकावर धूळ दिसली की लाज त्याला वाटायची. आणि माझा चहा कधी गार नसायचा."

मग? "मग काय, शिडीवरून पडला. मीच आधी पोचले. तिथल्या तिथे संपला होता गं बिचारा. डोळे उघडे होते."

म्हटलं, पण हॉस्पिटलात नेलं होतं ना? "नेलं की. तसाच नेला. दुसऱ्या दिवशी मेयर यायचे होते, छत नवीन केलं होतं ना. पोलीस-बिलीस नको होते आम्हाला इथे." आणि बिस्किट चहात बुडवलं.

निघताना विचारलं, "मिस, त्याचं खरं नाव काय होतं?"

खूप वेळ आठवत राहिल्या. खरंच प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाल्या, "जिमच होतं."

बस स्टॉपवर रडले. एका बाईने रुमाल दिला, कारण विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

२० मे, शुक्रवार

गावी आले. आई अंगणात उन्हाला बसली होती. मला वाटलं होतं हळूहळू सांगावं. दोन वाक्यांतच सांगून मोकळी झाले.

तिला आश्चर्य वाटलं नाही! गुडघ्यावरचं पांघरूण चाचपत राहिली. मग तिने मला जे सांगितलं ते चाळीस वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं.

काका हॉस्पिटलातून फांदी घेऊन निघाले तेव्हा ती बरोबर होती. तिला आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं – बाबांच्या हातात पुस्तकं. म्हणून काका बसची वाट बघत उभे होते तेवढ्यात ती एकटीच वाचनालयाच्या मागच्या दाराशी गेली. शालीत बोरीची एक डहाळी लपवून. दार उघडणारा म्हणाला, काम हवं असेल तर सोमवारी ये. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याला न्यायला आलेय. तो म्हणाला, इथे तुझं कोणी नाही. आणि दार लावलं.

"मी तिथे ओरडायला हवं होतं," आई म्हणाली. "बाहेरून का होईना, हाक मारायची होती. पण मला पकडतील म्हणून भ्याले. डहाळी गटारात टाकली आणि येऊन बसमध्ये बसले. तुझ्या काकांना म्हटलं, पाणी प्यायला गेले होते. थोबेका, त्यांनी आतून मला बघितलं असेल गं. मी येऊन परत गेले ते."

तिचे पाय चोळत बसले. किती बारीक झालेत.

२१ मे, शनिवार

काकांकडे गेले. वाटलं होतं चिडतील. पेटलेच!

"म्हणजे चाळीस वर्षं मी काटकीशी गप्पा मारतोय? माझा सख्खा भाऊ मी ओळखला नाही? हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवर माझ्या हातात वजन आलं होतं, वजन! तेव्हा तुला शेंबूड पुसता येत नव्हता, आणि आज मला शिकवतेस?"

म्हटलं, काका, आईची शेवटची इच्छा आहे. तुम्हीच चला, फांदी तुम्हीच धरा.

"मी एकदा आणलाय त्याला. दुसऱ्यांदा आणायला गेलो तर तो हसेल मला."

मग मी जाते म्हटलं. त्यावर काकूकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? ही फांदी आणणार! वाटेत कोणाशी एक शब्द बोलायचा नसतो. हिला केई नदीपर्यंत तरी तोंड बंद ठेवता येईल का विचार."

काकूने मान खाली घातली. हसू लपवत होती, मी बघितलं.

आई म्हणाली, "तूच जा. बाईने आणलं म्हणून पूर्वजांपैकी कोणी विचारलं तर त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. आता काही फार दिवस नाहीत भेटायला."

२४ मे, मंगळवार

आमच्या मुख्य ग्रंथपाल मिसेस पीटरसन. बाई चांगल्या, पण फॉर्मशिवाय श्वास घेत नाहीत. सगळं ऐकून घेतलं, टेबलावरून हात पुढे करून माझा हात दाबला आणि फॉर्म दिला. सभागृह-वापराचा.

कार्यक्रमाचे स्वरूप – कौटुंबिक. उपस्थिती – ? मी लिहिलं, येताना एक, जाताना दोन. त्यांनी वाचलं, शिक्का मारला. शनिवारी एक वाजता वाचनालय बंद झालं की वर कोणी येणार नाही, म्हणाल्या.

२७ मे, शुक्रवार

टेकडीवरून बोरीची फांदी तोडून आणली. काटे बोटांत मोडलेत. उद्या.

२९ मे, रविवार

काल लिहायला बसता आलं नाही. आता सगळं लिहिते, एकही गोष्ट विसरायची नाही मला.

दीड वाजता वर गेले. संदर्भ विभागात ऊन पडलं होतं. शिडी नकाशांच्या कपाटापाशी. मी चपला काढल्या. आधी वाटलं होतं, स्वतःच्या कामाच्या जागी मोठ्याने बोलायला लाज वाटेल. पंधरा वर्षं लोकांना 'हळू बोला' म्हणत आलेय. पण तोंड उघडलं आणि आवाज आपोआप आला. "गात्येनी! ममाली!" कुळाची सगळी नावं घेतली. फांदी जमिनीवर टेकवली. "बाबा, मी थोबेका. उशीर झाला. आईला आत येऊ दिलं नव्हतं, तिच्यावर रागावू नका. चला, घरी जायचंय."

काही झालं नाही. शिडी हलली नाही, काही नाही. पण फांदी उचलली तेव्हा – काका म्हणतात ते खरं. वजन येतं.

मग जिना. "बाबा, पायऱ्या आहेत." मी मागच्या दाराकडे वळले, सवयीने, गाडीतळ त्या बाजूला पडतो म्हणून. तिथेच थांबले. परत फिरले. समोरचं मोठं दार उघडलं, दोन्ही फळ्या, आणि म्हटलं, "बाबा, इथून." तेव्हा मात्र हुंदका आवरला नाही.

मिनीबसच्या तळावर दोन जागांचे पैसे दिले. ड्रायव्हरने विचारलं, दुसरं कोण? मी फांदी नुसती वर केली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. रेडिओ बंद केला. एक जाडजूड बाई भाजीची टोपली त्या जागेवर ठेवायला निघाली तर मागचा म्हातारा खेकसला, "बाई, डोळे आहेत का? माणूस बसलाय तिथे!" तिने टोपली मांडीवर घेतली, वर फांदीकडे बघून म्हणाली, "माफ करा हं बाबा." तीन तास ती टोपली तिच्या मांडीवर!

मी कोणाशी बोलले नाही. फक्त त्यांच्याशी. बाबा, आता शहर संपलं. बाबा, हा नवीन रस्ता, तुमच्या वेळी नव्हता. केई नदीचा उतार लागला तेव्हा ड्रायव्हरने आपणहून गाडी हळू केली. "बाबा, केई ओलांडतोय. पूल आहे. घाबरू नका." मागे कोणीतरी हलक्या आवाजात भजन धरलं. सगळ्यांनी धरलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पर्समध्ये फोन वाजत होता, वाजू दिला.

आणि घरी पोचले तर फाटकाशी काका! नवी घोंगडी खांद्यावर, हातात काठी. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन्ही हातांनी फांदी घेतली आणि म्हणाले, "दादा, हे दुसऱ्यांदा आलात. आता जरा बसा की एका जागी." मग त्यांचा आवाजच फुटला. तसेच गोठ्याच्या कुंपणाकडे चालू लागले.

बकरा कापला. ज्वारीची बिअर आईने तीन दिवस आधीच लावून ठेवली होती. म्हणजे मी येणार याबद्दल तिला शंका नव्हती. का काका येतील याबद्दल? विचारलं नाही.

३० मे, सोमवार

आई कालपासून गोठ्याच्या दारात चटईवर बसून आहे. त्यांच्याशी बोलतेय. चाळीस वर्षांचं सांगायचंय! कोण मेलं, कोणाची लग्नं झाली, तांबडी गाय कशी पडली, मी परीक्षा पास झाले तेव्हा काय शिजवलं होतं. मधेच रागावते. मधेच हसते. मी पाणी घेऊन गेले तर हाताने 'जा' म्हणाली. नवरा-बायकोत मी कशाला!

संध्याकाळी तिला आत आणताना म्हणाली, "मी माफी मागितली. दाराशी येऊन परत गेले त्याची."

काय म्हणाले?

"काही नाही. ऐकून घेतलं. त्यांचं पूर्वीपासून तसंच. पण तिथून उठून गेले नाहीत."

ती आज जेवली. पोटभर. किती महिन्यांनी!

७ जून, मंगळवार

कामावर परत. शिडी गप्प. आठ दिवस झाले, एकदाही सरकली नाही, म्हणाले सगळे. चार वाजता मी शिक्का हातात धरून बसले होते. काही नाही.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण वरचा मजला फार रिकामा वाटला. मूर्ख बाई!

१० जून, शुक्रवार

नेव्हिलने पंचवीस माणसांसमोर दहा मिनिटं शिडीकडे बघत काढली. जाताना मला म्हणाला, "माझं भूत पळवलंस."

१४ जून, मंगळवार

आई गेली. पहाटे. काकूचा फोन आला. झोपेतच. काल जेवून, गोठ्याकडे एकदा बघून झोपली म्हणे.

२० जून, सोमवार

शनिवारी आईला बाबांच्या शेजारी ठेवलं. लोक आईचं माहेरच्या कुळाचं नाव घेऊन म्हणत होते, मारादेबे किती शांत दिसतेय. खरंच दिसत होती. शेवटचे पंधरा दिवस तिला स्वप्न पडलं नाही, काकूला तिने तसं सांगितलं होतं. "आले ते आत. दार लावून घेतलं मी," म्हणाली.

आयुष्यात एक काम नीट केलं मी. एकच, पण नीट.

आई नाही. हे वाक्य लिहून बघितलं. आई नाही.

३० जून, गुरुवार

काही लिहावंसं वाटत नाही. थंडी फार.

८ जुलै, शुक्रवार

नेव्हिल आज फेरीच्या आधी एकटाच आला. हॅट हातात. म्हणाला, "थोबेका, अर्बथनॉट बंद. एवढी वर्षं मी खोट्या माणसाची गोष्ट सांगितली. आता खरं सांगेन. तुझ्या वडिलांची. नाव सांग मला त्यांचं, पूर्ण. आणि उच्चार शिकव."

मंगालिसो. चार वेळा म्हणून घेतलं त्याच्याकडून. पाचव्यांदा बरोबर आलं. इतका चांगला माणूस आहे हा, मला माहीत नव्हतं. म्हणाला, तारीखही हवी, लोक तारीख विचारतात. मी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतो, त्यात काहीतरी असेलच. मी म्हटलं, ऑगस्ट एकाहत्तर बघ.

१२ जुलै, मंगळवार

नेव्हिल तीन दिवस तळघरात. एकाहत्तरमध्ये काही नाही म्हणतो. म्हटलं, मागे जा.

१६ जुलै, शनिवार

मार्च १९५९. चार ओळी, सातव्या पानावर. 'वाचनालयातील नोकर जिम शिडीवरून पडून जागीच ठार. नव्या छताचे उद्घाटन ठरल्याप्रमाणे झाले.' बाबा तिथे कामाला लागले ते साठ साली.

मिस हेझलटनना काल फोन केला. "अगं, सगळेच जिम," त्या म्हणाल्या. "पहिला जिम होता, मग आलेल्या प्रत्येकाला तेच. दरवेळी नवीन नाव कोण लक्षात ठेवणार? शेवटचा खोकल्याने गेला, हॉस्पिटलात. दोन दिवस होता तिथे. मी संत्री पाठवली होती."

मी आयुष्यभर पुस्तकांच्या तारखा लावल्या. हीच एक बघितली नाही.

म्हणजे बाबा घरीच होते, चाळीस वर्षं. आईने माफी मागितली ती–

आज गावी आले. अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. गोठ्याशी गेले. चपला काढल्या. आमच्या कुळाची नावं घेतली नाहीत. मी आणलेल्या त्या पहिल्या जिमला दीड महिना आम्ही दुसऱ्याच नावाने हाका मारल्या, आणि तो ऐकत राहिला.

विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाचे?"